फोड हातात घेऊन

कराडच्या मंडईत माझा फळांचा गाळा आहे. लहानपणी मला आणि माझ्या भावाला शिकवणाऱ्या ख्रिस्ती बाई दर शनिवारी तिथं यायच्या. चवीला दिलेली कलिंगडाची फोडसुद्धा प्रार्थनेशिवाय तोंडात घालायच्या नाहीत. डोळे मिटलेले, ओठ हलतायत आणि मागं गिऱ्हाईक ताटकळलेलं.

"आवं बाई, एका फोडीला एवढा येळ?" मी एकदा खेकसलो.

"फोडीचे आभार लगेच होतात. मग तुम्हा भावांसाठी मागते. भावांसाठी मागते." शुद्धलेखन घालावं तसा त्या वाक्याचा शेवट दोनदा म्हणायच्या.

"त्याचं नाव हितं न्हाई घ्यायचं! धंदा माझ्याकडं शिकला आन् माझ्याच समोर गाळा टाकला."

"तोही हेच म्हणतो, तुझं नाव घेऊ नका. म्हणून मनात घेते. मनात घेते."

म्हणजे बाई त्याच्याकडूनही फळं घेत होत्या! त्या दिवशी मी दर उतरवला नाही. त्यांनी कधी उतरवायला सांगितलाही नव्हता.

यंदा बाई गेल्या. दफनभूमीत त्यांची मुलगी म्हणाली, "ताटातलं जेवण निवायचं, पण आईची प्रार्थनेतली नावं संपायची नाहीत." मी मूठभर माती टाकली, पलीकडून भावानं टाकली.

परवा कलिंगड कापलं आणि फोड हातात घेऊन उगाच थांबलो. आम्हा दोघांची नावं एकत्र घेणारं आता कुणी उरलेलं नाही. मी मनात एकच घेतलं, त्याचं. मग समोर न बघता फोड खाल्ली.