नाव कुणी बदलायचं?

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगणघाटच्या आमच्या टायपिंग क्लासात मुलींचा सराव घेत होते. माझा धाकटा दीर. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. शोकसभेत सगळे म्हणाले, त्यानं माणसं जोडली. मला ऐकवेना...

क्लासातल्या संगणकांवर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स त्यानंच आणलं. मराठी टाइप करायला कीबोर्डची मांडणीही स्वतः तयार केली. त्याचा जिवलग मित्र सुरेश, त्यानंही एक केली. काम एकच, अक्षरांच्या जागा वेगळ्या. पण दोघांच्या मुख्य फाइलचं नाव एकच, त्यामुळे दोन्ही पॅकेजं, म्हणजे मांडणी यंत्रात बसवायचे संच, एका यंत्रावर नांदेनात. यावर दोघांनी काय करावं? आपापल्या पॅकेजात यंत्रासाठी लिहून ठेवलं, दुसरं दिसलं की आधी ते काढा. विलास येऊन गेला की सुरेशची मांडणी गायब, सुरेश येऊन गेला की विलासची. एकानं नाव बदललं असतं तर दोन्ही राहिल्या असत्या, ज्याला जी हवी ती त्यानं निवडली असती. हे मीच विलासला सुचवलं. त्याला काय ते ठाऊक नव्हतं?

"मी काऊन बदलू, वहिनी? नाव पहिले मी ठेवलं."

सुरेशलाही सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, त्याले सांगा ना.

वडनेरहून येणारी संगीता सुरेशची मांडणी शिकली होती. समुद्रपूरच्या एका पतसंस्थेत जागा होती, त्या जागेसाठीची टायपिंग परीक्षा आमच्याच क्लासात. आदल्या संध्याकाळी विलासनं येऊन आपली नवी आवृत्ती सगळीकडे टाकली. सकाळी पोरगी बसली, तर प्रत्येक बोटाखाली भलतंच अक्षर. सुरेशची मांडणी परत टाकायची तर सीडी त्याच्याजवळ, आणि तो नागपूरला. नोकरी दुसरीला गेली. विलासला सांगितलं, तर म्हणतो, तिनं माझी शिकायची होती. त्या दिवशी मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तेरवीनंतर सुरेश आला. डोळे पुसत संगणकापुढे बसला, आपल्या फाइलचं नाव बदललं, दोन्ही पॅकेजांतली ती काढून टाकायची ओळ पुसली. कपातला चहा निवायच्या आत काम झालं.

"आता दोन्ही राह्यतील, वहिनी."

"हे संगीताच्या परीक्षेआधी करता येत नव्हतं?"

त्यानं यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. पडद्यावर प्रश्न आला, नेहमीसाठी कोणती ठेवायची? सुरेश बघत असतानाच मी विलासची निवडली. बोटांना तीच सवय आहे, आणि चांगली होती, तेवढं खरं. हा लेखही तिच्यातच टाइप केला. बाकीच्या यंत्रांवर मुली आपापली निवडतात. कुणाला विचारावं लागत नाही.