जमुनाबाईंची पहिली फेरी

मूर्तिजापुरात कोणी शिडाची होडी बांधायला काढली, तर लोक हसणारच. हसलेही. "गुरुजी, समुद्र मालगाडीनं मागवला काय?" असं भर चौकात विचारायचे. मोतीरामजी आयटीआयमधले निवृत्त सुतारकाम शिक्षक. ऐकून घ्यायचे अन् रंधा मारत राहायचे. पण या वेडाची सुरुवात त्यांची नव्हतीच. ती त्यांच्या बायकोची, जमुनाबाईंची.

बाईंनी तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर हाती मोबाइल आला, अन् काय शोधता काय, छोट्या होडीवाल्यांच्या एका परदेशी वेबसाइटवर जाऊन पोचल्या. बारा फुटी होडी, एक शीड, दोन वल्ही. तंबू अन् स्टोव्ह घेऊन लोक काठाकाठानं आठ-आठ दिवस हिंडतात अन् घरी येऊन सगळं लिहून काढतात. होडीचे नकाशे फुकट. शंका विचारा, दहा जण उत्तर द्यायला हजर. बाईंनी वाचून वाचून नवऱ्याला मराठीत समजावलं, मग मराठी होडीवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुपच काढला. चाळीस जण जमले, बाई ॲडमिन. स्वतः होडीत पाय न ठेवता! आता बोला.

मोतीरामजींनी त्या नकाशावरून दीड वर्षात होडी उभी केली. सांधे असे, की नख जाणार नाही. अकोल्याजवळच्या महान गावच्या धरणावर न्यायची परवानगी आली. मग अडलं कुठं? आपल्याकडे दारात नवी गाडी आली, की घरची लक्ष्मी हळदकुंकू वाहते, नारळ फोडते अन् पहिल्या फेरीला तीच बसते. सायकल असो की ट्रॅक्टर. मोतीरामजींनी होडीलाही तोच नेम लावला.

"तू बसल्याबिगर मी होडी पान्यात घालत नाई," ते म्हणाले.

अन् बाई तर भ्यालेल्या! त्या वेबसाइटवर अपघातांचंही एक पान होतं. कोण कसा उलटला, कोण कसा वाचला. बाईंनी ते अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. बाईंचं तर पोळलंही नव्हतं, दुसऱ्यांचं पोळलेलं वाचलं होतं.

"अवो, आधी लाइफ जॅकेट तं येऊ द्या." जॅकेट आलं. "आता वारा लय सुटला." वारा पडला. "पावसाळा जाऊ द्या न." ग्रुपमधला अकोल्याचा मनोज दर रविवारी महानलाच स्वतःची होडी चालवायचा. त्यानं लिहिलं, "बाई, काठाशी पाणी कमरेएवढं आहे, या तं खरं." बाईंनी त्याला तीन अपघातांच्या लिंका पाठवल्या.

अशी दोन वर्षं गेली. मोतीरामजी एकदाच बोलले, "जमे, तू त्या लोकायचं सारं आयकतं. माहं कावून नाई आयकत वं?" बाई हसल्या होत्या. ते हसू आता त्यांच्या जिवाला खातं.

नोव्हेंबरात मोतीरामजींना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा अर्धवट परतली. फेब्रुवारीत त्यांनी एकच धोशा लावला: होडी न्या. मनोज टेम्पो अन् ग्रुपमधले तिघं घेऊन आला. काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत मोतीरामजींना बसवलं. बाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला अन् देवाचं नाव घेत आत पाय ठेवला.

मनोजनं वल्ही मारली, शीड चढवलं. होडी सरकली. एसटीत बसतात तेवढे धक्केसुद्धा नाहीत! पाच मिनिटांत बाईंनी घट्ट धरलेली होडीची कड सोडली.

"एवढंच होतं काय, मनोजभाऊ?"

"एवढंच, बाई."

बाईंना हुंदका आवरेना. "त्यायले बी घेऊ न. चौघं मिळून उचलू."

मनोज खाली बघत म्हणाला, "डॉक्टर नाई म्हनले, बाई. त्यायले तोल सांभाळता येत नाई आता."

होडी काठाला लागली. मोतीरामजींनी वाकड्या तोंडानं विचारलं, "कसं... वाटलं?"

खरं सांगावं, तर दोन वर्षं फुकट घालवली हे त्यांच्या तोंडावर सांगणं झालं. बाई खोटं बोलल्या.

"लय भेव वाटलं."

मोतीरामजींचा चेहरा निवला. डाव्या हातानं त्यांनी बाईंचा हात थोपटला.

"म्हनूनच तं... तुले कदी जबरदस्ती नाई केली मी."