फुकटच्या प्रोग्रामची ठिगळं

नव्वदच्या दशकात वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छापखान्यात एक गृहस्थ दर शनिवारी फ्लॉपी घेऊन यायचे. मराठी अक्षरजुळणीचा प्रोग्राम त्यांनीच लिहून इस्टेटभर फुकट वाटलेला. आम्ही दरवेळी नवीन काहीतरी मागायचो आणि ते चष्मा कपाळावर सरकवून ठिगळ लावून द्यायचे.

एकदा म्हणाले, "आता एक दुरुस्त केलं की दोन बिघडतात. मुळापासून लिहायला हवा. पण त्यासाठी वर्षभर नोकरी सोडावी लागेल."

"मग लिहा की, काका!" म्हणत मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

पुढे ते यायचे थांबले आणि एक दिवस प्रोग्राम अडला. शोधायला निघालो, तर त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रोग्राम सुरू केला की पडद्यावर झळकायचं ते आमच्या छापखान्याचं नाव, त्यांनीच हौसेने घातलेलं.