बोलेल तिला यूकेजी

ज्या घरात दोन लहान मुलं असतात, त्या घरात किस्से धुण्याच्या कपड्यांसारखे साठतात. एक उचलावा तर खाली आणखी चार निघतात, आणि त्यातला एखादा अजून ओलाच असतो! मैत्रिणी म्हणतात, "लिहून ठेव, नाहीतर विसरशील." मी काही विसरणारी नाही, पण तरी लिहिते. कारण मला माझ्या मुलांचा अभिमान आहे, आणि तो मनात ठेवण्याइतका धीर माझ्यात नाही.

आधी माणसं सांगते. ईरा, साडेचार वर्षांची, एलकेजीत. नील, नुकता एक वर्षाचा झालेला. मिलिंद, त्यांचा बाबा, इथे चेन्नईत शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलतो. आणि मी. मी नुंगंबाक्कमला एका संस्थेत शिक्षकांसाठी पुस्तिका लिहायचे. त्या वर्षीच्या पुस्तिकेचं नाव होतं 'मुलांना बोलू द्या'.

ईरा घरात अखंड बोलायची. पण वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटचा उंबरा ओलांडला, की तोंडातून एक शब्द नाही. लिफ्टमध्ये नाही, दुकानात नाही, शाळेत तर नाहीच.

*

पहिल्या टर्मची मीटिंग. ईराची मिस, वयाने माझ्याएवढीच, ईराकडे वाकून गोड हसली.

"व्हॉट इज युवर नेम?"

"ईरा," मी म्हटलं.

"हाउ ओल्ड आर यू?"

"फोर अँड अ हाफ."

"अँड विच कलर डू यू लाइक?"

"यलो. पण लिंबाचा, हळदीचा नाही."

मिसने पेन टेबलावर ठेवलं. "मॅडम, तुम्ही पास! आता मुलीला विचारू?"

विचारलं. ईरा टेबलाच्या पायाकडे बघत राहिली. मग मिसने मला स्पष्टच सांगितलं. चार महिन्यांत ही वर्गात एकदाही बोललेली नाही. मार्चच्या शेवटच्या मीटिंगपर्यंत मिसशी निदान एक वाक्य बोलली तर यूकेजी. नाही तर पुन्हा एलकेजी.

मी मिसला बालकेंद्री शिक्षणावर पंधरा मिनिटं ऐकवलं. बाहेर ऑटोत बसल्या बसल्या ईरा म्हणाली, "आई, ती बिचारी नुसतं नावच विचारत होती."

*

नवरात्रात इथे घरोघरी पायऱ्या करून बाहुल्या मांडतात. त्याला गोलू म्हणतात. बघायला गेलं की घरातल्या मामी (इथे सगळ्या काकूंना मामीच म्हणतात) लहान मुलांना सांगतात, "ओरु पाट्टु पाडु, कण्णा!" म्हणजे एक गाणं म्हण, बाळा. गाणं म्हटलं की हातात सुंडल, आपल्या हरभऱ्याच्या उसळीची कोरडी बहीण.

मला वाटलं, हीच संधी! ईराला परकर-पोलकं घातलं, गजरा माळला, आणि आमच्या इमारतीतली नऊ घरं केली. नऊही घरांत मामी म्हणाल्या, "पाडु!" नऊही घरांत ईरा गप्प. आणि नऊही घरांत ती शांतता मला असह्य झाल्यामुळे मीच गायले! अठ्ठावीस वर्षांची बाई, पाटावर मांडी घालून, 'सांग सांग भोलानाथ'च्या चालीवर स्वतः रचलेलं बालगीत!

नऊ पुड्या सुंडल घेऊन घरी आलो. ईराने बूट काढले, पलंगावर चढली, आणि सगळं गाणं हावभावांसकट म्हणून दाखवलं. सूर पक्का! माझा ऊर भरून आला.

"तिसऱ्या मजल्यावर तू दुसरं कडवं चुकलीस," ती म्हणाली. "पण मामींना कळलं नाही."

*

नीलचं चालणं. माझ्याकडे एक पुस्तक होतं, त्यात कुठल्या महिन्यात मुलाने काय करायचं याचा तक्ता होता. मी तो फ्रिजवर लावलेला. नील सगळ्या चौकटींत मागे. चौदा महिने झाले तरी उभा राहायचा आणि बसायचा. नवा डिजिटल कॅमेरा चार्ज करून मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसायचे. "ये, ये, ये! शाब्बास!" टाळ्या. नील धप्पकन खाली!

पंधरा दिवसांनी मी रडकुंडीला आले आणि मिलिंदला म्हणाले, "डॉक्टरांना दाखवायला हवं."

ईरा चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "तो रोज चालतो."

"काय?"

"तू फोनवर असतेस तेव्हा. टीव्हीपासून दारापर्यंत. तू टाळ्या वाजवतेस म्हणून बसतो."

मिलिंदने त्या दिवशीचं एकविसावं वाक्य खर्च केलं. "फोन कर कोणाला तरी."

मी फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड केलं. मागे पावलं वाजली. टीव्हीपासून दारापर्यंत, मोजून सात! मी वळले नाही. आयुष्यात इतकं अवघड काम दुसरं केलेलं नाही.

*

जानेवारीत मिलिंदला कल्पना सुचली. ईरा नीलला गोष्ट सांगत होती, ती त्याने गुपचूप मोबाइलवर रेकॉर्ड केली. तीन मिनिटं, मराठी, तमिळ आणि इंग्रजी, तिन्ही भाषा फर्ड्या! मी दुसऱ्या दिवशी विजयी मुद्रेने शाळेत जाऊन मिसला ऐकवली.

मिसने शेवटपर्यंत ऐकलं. खरंच आवडली तिला. मग फोन परत देत म्हणाली, "फार छान. मग यूकेजीत कोणाला घालू, मॅडम? फोनला?"

*

तळमजल्यावर सरोजाअक्का राहायच्या. मूळच्या तंजावरच्या मराठी, कितीतरी पिढ्या इकडेच. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा खूप जुनं, आणि चाल तमिळ. त्यांच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं.

फेब्रुवारीत मी मन घट्ट करून ईराला एकटीला खाली पाठवलं. "अक्कांकडून कढीपत्ता मागून आण. मागून! बोलून!" आणि गॅलरीत लपून बसले. खाली आवाज नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं. इकडे फोडणीचं तेल थंड. अर्ध्या तासाने ईरा आली, ओंजळभर कढीपत्ता घेऊन.

मी धावत खाली. "अक्का, काय म्हणाली ती?"

"कांहीं नाहीं. आली, उभी राहिली. मी तांदूळ निवडत होतें. तीही बसली निवडायला. मग म्हणाली, 'अक्का, कढीपत्ता.'"

"म्हणाली? तुम्हाला? तुम्ही काय विचारलंत तिला?"

"मी कुठें विचारलें?" अक्का म्हणाल्या. "काय गे, तूच विचारतीस, तूच सांगतीस. मध्यें त्या पोरीला जागा कुठें?"

मी त्यांना समजावून सांगायला तोंड उघडलं. अक्का माझ्याकडे बघून हसायला लागल्या. मी तोंड मिटलं.

*

मार्चमध्ये पाण्याच्या टँकरने आमची इमारत सोडून शेजारच्या इमारतीत पाणी सोडलं. मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून नागरिकांच्या हक्कांबद्दल बोलले. टँकरवाल्याने इंजिन बंद केलं नाही, म्हणून मोठ्याने बोलले. पाणी मिळालं. आवाज गेला!

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं. "पाच दिवस एक शब्दही नाही. कुजबुजसुद्धा नाही."

मिलिंदने नम्रपणे विचारलं, "डॉक्टर, दहा करता येतील?"

*

आणि चौथ्या दिवशी शाळेची शेवटची मीटिंग. मिलिंदला ऑफिसमधून निघता येईना. त्याने फोनवर सांगितलं, "तू जा. नुसती बस." म्हणे नुसती बस!

ईराला घेऊन शेअर ऑटोत बसले. बारा माणसं कोंबलेली, गाणी जोरात लावलेली. आमचा स्टॉप आला. मी तोंड उघडलं, आवाज नाही. दांडीवर हात आपटला, कोणाचं लक्ष नाही. ईरा मांडीवरून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, आता ओरडेल, आता ओरडेल! नाही ओरडली. स्टॉप मागे गेला, त्याच्या पुढचाही गेला. शेवटी एका कॉलेजच्या मुलीने आमचे चेहरे बघून ऑटो थांबवला. भर उन्हात दोन स्टॉप उलट चालत आलो.  रस्ताभर ईराने माझं बोट घट्ट धरलं होतं.

वर्गात पोचलो तेव्हा बाकीचे पालक निघून गेले होते. मिसच्या पुढ्यात ईराचं प्रगतिपुस्तक उघडं होतं. 'प्रमोटेड' या शब्दापुढची चौकट रिकामी.

"मॅडम, इतका उशीर?"

मी घशाकडे बोट केलं.

"काय झालं, मॅडम?"

मी पर्समध्ये पेन शोधायला लागले. सापडेना.  खरं सांगते, त्या क्षणी मला तो टेबलाचा पाय फार बघावासा वाटला.

"मॅडम? एनी प्रॉब्लेम? मॅडम, प्लीज काहीतरी बोला ना!"

ईराने माझं बोट सोडलं. टेबलापाशी गेली, दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि तमिळमध्ये, घरातल्या आवाजात, खणखणीत म्हणाली,

"मिस, अम्माला सारखं सारखं विचारू नका. जरा थांबा. ती बोलेल."