लटारी नावाड्याची बदकं

डोंग्यात पाय ठेवण्याआधी लटारीभाऊ प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, "पोयता येते का?" नाही म्हटलं की स्वारी खूश. हो म्हटलं की त्या माणसाला तो मधोमध कोंबायचा. मी नवाकोरा मास्तर, वय बावीस, मोठ्या रुबाबात "पोहता येतं की!" म्हणालो आणि मिरचीच्या दोन पोत्यांमध्ये अडकून माझ्या शाळेच्या गावी पोचलो.

"राग नोका मानू, मास्तर," वल्हं मारता मारता तो म्हणाला, "पोयनारा मानूसच पैले उठून उभा रायते. ज्याले येत नाई, तो चूपचाप बसते."

आमचं गाव वैनगंगेच्या काठावर, मार्कंड्याच्या देवळासमोर. लटारीभाऊ तीस वर्षं तिथे डोंगा चालवत होता. शिवरात्रीच्या जत्रेत माणसं, कोंबड्या, नवरदेव, बाळंतिणी, सगळ्यांना त्यानं पार नेलेलं. एकही माणूस त्याच्या हातून बुडाला नव्हता. हे तो ज्यानं विचारलं त्यालाही सांगायचा आणि ज्यानं विचारलं नाही त्याला तर दोनदा सांगायचा. काळाकुळकुळीत, उंच, आवाज असा की या काठावर जेवायला बसला तरी त्या काठावर कळावं.

त्या वर्षी जत्रेच्या आधी तो घाटावर घसरला आणि त्याचा गुडघा कामातून गेला. डोंगा पुतण्याकडे आला. लटारीभाऊ काठी घेऊन काठावर बसायचा आणि पुतण्याला दिवसभर शिव्या द्यायचा. मग त्याचा मुलगा मारोती आला. चांद्याला कोळशाच्या खाणीत कामाला होता, पोरगा सरळ.

"बा, इथी बसून काय करशीन? तिथी क्वार्टर हाये, नळ हाये."

"नळ हाये म्हंते! नदी सोडून नळाले जाऊ मी?"

शेवटी मारोतीनं मुदत दिली. "पोळ्याले येतो. तवापर्यंत काई काम धरलं तं राय इथी. असाच बसून दिसला तं बंडीत टाकून नेतो." लटारीभाऊ हसला, पण त्या रात्री जेवला नाही, असं त्याच्या बायकोनं, भागरथाबाईनं, मला सांगितलं. चांद्याला जाणं म्हणजे त्याला जित्तेपणीच मरण वाटत होतं.

ज्येष्ठात सिरोंच्याकडचा राजय्या नावाचा बदकवाला दोनेकशे बदकं हाकत नदीवर आला. बदकं पोहत पार गेली आणि राजय्याला पोहता येत नव्हतं म्हणून तो डोंग्यातून गेला. लटारीभाऊ हसून हसून आडवा. "बापा रे! लेकरं पान्यात आन बाप डोंग्यात!" राजय्यालाही हसू आलं. त्यानं गुडघ्याची चौकशी केली आणि जाताना टोपलीतली अकरा अंडी काढून दिली. कोंबडीखाली ठेव म्हणाला. काम सापडलं!

भागरथाबाईची एक कोंबडी तेव्हा खुडूक होती. "माही कोंबडी का धरमशाळा हाये? कोनाचेही अंडे उबवाले?" असं म्हणत म्हणत तिनंच टोपल्यात तणस घालून अंडी मांडली. कोंबडीची पिल्लं निघतात तो एकविसावा दिवस उजाडला, अंडी जशीच्या तशी. शेजारीपाजारी म्हणाले, सडली, फेकून द्या. मलाही तसंच वाटलं. लटारीभाऊ मात्र रोज अंडं कानाला लावायचा. अठ्ठाविसाव्या दिवशी शाळा चालू असताना तो काठी टेकत दारात येऊन ओरडला, "मास्तर! आतमंधी कोनीतरी वल्हं मारून रायलं!" शाळा तिथेच सुटली. दहा पिल्लं निघाली, पिवळीधमक.

आता खरं सांगायचं तर पुढच्या गोष्टीत माझाही हात होता. बदकांना पोहायला शिकवावं लागत नाही, ती उपजतच पोहतात, हे मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं. लटारीभाऊला कुठे कुणाचं सांगणं हवं होतं! नावाड्याच्या घरची पिल्लं, ती काय परातीत पोहतील? तिसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. अर्धं गाव मागे, कोंबडी पुढे. घाटाजवळ खडकाआड पाणी थांबून राहतं, तिथे त्यानं पिल्लं सोडली. कोंबडी काठावर नाचनाच नाचून ओरडत होती आणि पिल्लं झोकात पोहत होती. लटारीभाऊनं चौफेर असं पाहिलं की जणू त्यानंच ती अंडी घातली होती.

थोडा वेळ गेला आणि पिल्लं जड दिसायला लागली. अंगावरची लव भिजून चिकटली, माना खाली गेल्या. एक दिसेनासं झालं, मग दुसरं. लटारीभाऊनं काठी टाकली आणि त्या मोडक्या गुडघ्यानं पाण्यात उडी घेतली. धोतरात गोळा करून आठ बाहेर आणली. दोन गेली. भागरथाबाईनं चुलीशी बसून एकेकाला पदरात घेऊन फुंकर घालत सुकवलं. लटारीभाऊ भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"मास्तर, कार्ड लिवा," तो म्हणाला. "मारोतीले म्हना, पोळ्याची वाट नोको पाहू. ये आन घेऊन जा. माह्या हातानं बुडाले, आता माहं इथी काई काम नाई."

मी कार्ड लिहिलं आणि टाकलंही. काय करणार! मारोतीला सुट्टी मिळेना, पोळ्यालाच येतो असं उत्तर आलं. मला मात्र चैन पडेना. राजय्याचा मुक्काम दोन गावं पलीकडे आहे असं कळलं, तशी सायकल काढली. सगळं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "तल्ली लेदु," म्हणाला. म्हणजे आई नाही. बदकीण पिल्लांना पोटाखाली घेते, तिच्या पिसांचं तेल त्यांच्या लवेला लागतं, म्हणून ती भिजत नाहीत. कोंबडीजवळ ते तेल कुठलं? अशा पिल्लांना अंगावर खरी पिसं येईपर्यंत पाण्यात घालायचंच नाही. चोच बुडेल एवढं पाणी परातीत, बस्स.

"तीस वरस पान्यावर गेले," मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा लटारीभाऊ हळूच म्हणाला, "आन हे मले ठाव नाई."

त्यानंतर पिल्लांचं सगळं त्यानं केलं. भिजवलेली तांदळाची कनकी, बांधावरच्या गोगलगायी, संध्याकाळी मुंगसाच्या भीतीनं टोपल्यावर दगड. पिसं आली, आवाज फुटले, आठही जण त्याच्या लंगड्या चालीमागे अंगणभर फिरायला लागले. पण नदीवर नेतो का म्हटलं की मान हलवायचा. तो स्वतःही घाटावर जाईनासा झाला. पुतण्याला शिव्या ऐकू येईनात. मला तर फार वाईट वाटायचं.

पोळ्याला मारोती आला. त्या दिवशी बैल जुंपत नाहीत, म्हणून निघणं दुसऱ्या दिवसावर गेलं. सकाळी बंडी दारात उभी, लटारीभाऊचं गाठोडं बांधलेलं. भागरथाबाई उंबऱ्यात बसली.

"बदकं पान्यात सोडल्याबिगर मी हालत नाई. सारा जनम परातीत काढतीन का ते?"

"मी नाई सोडत," लटारीभाऊ म्हणाला.

"मंग मी सोडतो," असं म्हणून मारोती टोपलं उचलायला वाकला.

"तू?" बापाचा आवाज पुष्कळ दिवसांनी पलीकडच्या काठावर पोचला. "खानीतल्या मानसाले पान्यातलं काय समजते? ठेव ते!"

तोच निघाला. मागे आठ बदकं, त्यांच्या मागे आम्ही. घाटाशी तो थांबला. मग काठी मारोतीकडे दिली आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन, दोन्ही हात पसरून, प्रवाहाच्या बाजूला उभा राहिला. "या," म्हणाला. बदकं एकामागून एक पाण्यात उतरली. हलकी, कोरडी, माना ताठ. एकानं बुडी मारली तसा लटारीभाऊ दोन पावलं पुढे सरकला. ते चोचीत शेवाळ घेऊन वर आलं.

एक तास झाला असेल. ऊन चढलं. बैल चुळबुळ करायला लागले. मारोतीनं काठावरून हाक मारली, "बा, निघाचं ना?"

"निघाचं कसं?" बदकांवरची नजर न काढता लटारीभाऊ म्हणाला. "आठ जन पान्यात हायेत अजून. उतारू काठाले लागल्याबिगर नावाडी जाते का कुठी?"

मारोतीनं बापाकडे पाहिलं. मग हसला, आणि हसता हसता त्यानं शेल्यानं डोळे पुसले. बंडीतलं गाठोडं काढून त्यानं आईच्या हातात दिलं.

"सोड व माय, हे," म्हणाला, आणि एकटाच चांद्याला गेला.