बिरप्पा दाजींची चारशे लग्नं

माझ्या दाजींनी, म्हणजे बिरप्पांनी, चारशे लग्नं लावली असं आमच्याकडे म्हणतात. खरं तर त्यांनी ती फक्त कॅमेऱ्यात घेतली. पण शूटिंगवाला आल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत असा तो काळ होता. दाजी भटजींनाही बिनदिक्कत सांगायचे, "शेवटचं मंगलाष्टक परत म्हना, माजी कॅसेट सरली." भटजीही ते परत म्हणायचे. नवरा-नवरी तेवढ्यापुरते पुन्हा बिनलग्नाचे व्हायचे.

सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला हा माणूस. सोलापुरात आला, साखर पेठेतल्या बोळात खोली भाड्याने घेतली आणि 'मायाक्का व्हिडिओ शूटिंग' अशी पाटी लावली. आईला सांगितलं, देवीचं नाव दिलंय. बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मायाक्कालाच सांगितलं, तुझं दिलंय. दोघी खूश.

गेल्या माघात दाजी गेले आणि घरात त्यांचा धड फोटो नाही हे तेव्हा ध्यानात आलं. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? भिंतीवर लागला तो आधार कार्डावरचा, त्यात ते कोंबडी चोरताना सापडल्यासारखे दिसतात. आक्का रोज त्याला हार घालायची आणि रोज चिडायची. "हे न्हवंत रं ते. माज्या लग्नाची कॅसेट शोध, बिभ्या. त्यात तरी ते समोर असतील की."

खोलीमालकाला शनिवारी खोली रिकामी हवी होती. मी शाळेत क्लार्क. फाइलीवर नाव आणि साल नसेल तर मला जेवण जात नाही. म्हटलं, दोन तासांचं काम. कपाट उघडलं आणि डोकंच फिरलं. एका कॅसेटवर नवरा-नवरीचं नाव असेल तर शपथ! चिठ्ठ्या काय, तर 'जिलेबी सरली'. 'मामा रुसले'. 'बोकड मांडवात'. 'वरात दुसऱ्याच दारात'.

"ह्याला काय दप्तर म्हणायचं?" मी ओरडलो.

"ते म्हनायचे," आक्का म्हणाली, "नावं समद्यांची सारकीच, घोळ तेवढा येगळा."

मग मी गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर निरोप टाकला: आपापला घोळ सांगा आणि कॅसेट घेऊन जा. शुक्रवारी बोळात जत्रा भरली. दुधनीचे सिद्रामप्पा सगळ्यांत आधी हजर.

"आमचं 'लाइट गेली' असंल बगा."

"तसल्या सतरा हायत, काका."

"मंग 'लाइट गेली आन् नवरी बदलली'?"

तीही होती! (नवरी परत मिळाली होती, काळजी नसावी.) वळसंगचं एक कुटुंब आपला घोळ नेमका कोणता यावर दुकानातच भांडलं आणि मामा पुन्हा रुसून बाहेर जाऊन बसले. मी इतका हसलो की पोट धरून खुर्चीत बसावं लागलं. दाजी असते तर त्यांनी तेही शूट केलं असतं.

आक्काची कॅसेट मात्र सापडेना. "आमच्या लग्नात काई बी वंगाळ झालं न्हवतं," हे तिचं एकच पालुपद. 'नवरा उठला' लावून पाहिली. ते दुसऱ्याच कुणाचं निघालं. शनिवार दुपारपर्यंत कपाट रिकामं झालं. उरलं ते कोऱ्या कॅसेटींचं पोतं, भंगारवाल्यासाठी बाजूला काढलेलं. भंगारवाल्याने ते खांद्यावर घेतलं, तेवढ्यात वरची एक कॅसेट खाली पडली. ती मीच पोत्यात टाकली होती. चिठ्ठीवर 'काय न्हाय' लिहिलेलं. आत काही नाही, असा मी सरळ कारकुनी अर्थ लावला होता.

आक्काने ती उचलली. "कोऱ्या कॅसेटला चिट्टी कोन लावतंय, येड्या?"

दाजींच्या जुन्या व्हीसीआरमध्ये ती घातली. आधी पडदाभर एक नाकपुडी. मग ती मागे सरकली आणि समोर दाजी! मुंडावळ्या बांधलेले, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे, तोंडभर हसणारे. कॅमेरा स्टुलावर ठेवून स्वतःच्या लग्नाचं शूटिंग स्वतःच करत होते. दर मंगलाष्टकाला नवरदेव पळत येऊन कॅमेरा नीट करायचा आणि भटजी अंतरपाट धरून वाट बघायचे. मध्येच लाइट गेली. मागून कुणीतरी ओरडलं, जिलेबी सरली. आमचा मामा रुसून कॅमेऱ्याकडे पाठ करून बसला, तो अर्धा तास हलला नाही. दहा वर्षांचा मी बोकडामागे मांडवातून पळताना दिसलो. आक्का तोंडात पदर कोंबून हसत होती, मी भिंतीवर हात आपटत होतो, आणि भंगारवालाही पोतं खाली ठेवून आमच्यात येऊन बसला होता.

कॅसेट संपली. आक्काने ती बाहेर काढून चिठ्ठी परत वाचली.

"समदंच झालं हुतं की रं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाचं असतं तर चार चिट्ट्या डकवल्या असत्या ह्यांनी. आन् माज्या लग्नाला लिवलं, काय न्हाय."

हसता हसता ती रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, लपवून काय करायचं? पदराने तोंड पुसून तिने कॅसेट माझ्या हातात दिली.

"परत लाव."