तात्यांनी मोजलेली संख्या

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी एक संख्या शोधून काढली: ३८१६५४७२९०. शून्यापासून नवापर्यंतचा प्रत्येक अंक तिच्यात एकदाच येतो. पहिले दोन अंक घ्या, अडतीस, त्याला दोननं भाग जातो. पहिले तीन घ्या, तीनशे एक्क्याऐंशी, तीननं जातो. असं थेट दहापर्यंत. आणि अशी दुसरी संख्या नाही! महिनाभर वह्या संपवून मी एकटीनं ती गाठली होती. ती आधीच कुणाला तरी सापडलेली होती, हे पुढं कळलं; माझी ऐट त्यानं तसूभरही कमी झाली नाही.

त्याच उन्हाळ्यात लासुर्ण्याचे चुलते माझ्यासाठी स्थळ घेऊन लोणी भापकरला आमच्या घरी आले. मला तर एम.एस्सी.साठी पुण्याला जायचं होतं. तात्या, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आदी मला दाव, तू शिकतीस ते काय हाय."

मी तोऱ्यात वही उघडली आणि एकेक भागाकार दाखवत सुटले. पहिल्या सात अंकांना सातनं भाग जातो, इथं आले तेव्हा तात्यांनी हात वर केला. "कागदावरचं मला कळत न्हाय. मोजून दाव."

तात्या शाळेत गेले नव्हते. जमीन घेण्याआधी त्यांनी मेंढरं राखली होती आणि त्यांची सगळी मोजणी विसाची. वीस मेंढरं झाली की एक खडा बाजूला. त्या मोजणीला मी लहानपणापासून हसायची. आताही चिडूनच म्हणाले, "अडतीस लाख सोळा हजार पाचशे सत्तेचाळीस मेंढरं हायती. सात-सातात वाटून काय उरतंय का, मोजा की!"

"ईस-ईसाचं गट पाड."

पाडले. एक लाख नव्वद हजार आठशे सत्तावीस गट, वर सात.

"वरचं सात म्हंजी साताचा गट जुळला, सोड. त्या गटांचं पुन्ना ईस-ईस कर."

नऊ हजार पाचशे एक्केचाळीस, वर पुन्हा सात. तेही सोडले. तिसऱ्यांदा पाडले तेव्हा चारशे सत्त्याहत्तर आले, वर एक.

तात्यांनी डोळे मिटले, ओठ हलत राहिले. "चारशे सत्त्याहत्तरातनं सात-सात काढलं, तर एक ऱ्हातोय. तो एक गट म्हंजी ईस. आन वरचा हा एक. किती झालं?"

"एकवीस."

"सात त्रिक एकवीस. काय ऱ्हायलंय का मागं?"

काही राहिलं नव्हतं. पदवीला आलेली मी, मला ही वाट कधी सुचली नव्हती. माझ्या संख्येचा वाटला नव्हता इतका अभिमान मला त्या क्षणी समोर बसलेल्या माणसाचा वाटला, आणि इतकी वर्षं हसल्याची लाजही.

चुलते चुळबुळले. "तात्या, स्थळाला काय कळवू?"

"दुसरी पोरगी बगा म्हनावं. ही पुण्याला चालली." तात्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "आकडा खरा हाय. म्या सोता मोजलाय."